लाइट असेपर्यंत

पंखा फिरत होता, पण पडदा काळाच होता.

यामिलाने बटण दाबून धरलं, कॉम्प्युटर बंद केला, मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि पुन्हा चालू केला. आत घरघर सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक दिवा पिवळाच राहिला. म्हणजे पडदा जागा होता, पण त्याला दाखवायला कुणी काही देत नव्हतं. 

सकाळपर्यंत हाच कॉम्प्युटर उत्तम चालत होता. आणि तो तिचा नव्हता, तिच्या भावाचा होता.

रेनिएर सान्ता क्लाराच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. उत्तरेकडून वादळ आलं की त्यांच्या गावाच्या, कायबारियेनच्या, समुद्रकठड्यावर लाटा किती उंच चढतील, हे तो गणिताने शोधत होता. गणित इतकं अवजड की पहाटे लावलं तर दिवस मावळला तरी संपायचं नाही. आणि कायबारियेनमध्ये सलग तेवढा वेळ लाइट राहते कुठे? गणित अर्ध्यावर आलं की लाइट जायची आणि सगळं पहिल्यापासून. तो प्रोग्राम रेनिएरच्या सरांनी फार पूर्वी लिहिलेला. थांबला तिथून पुढे जाणं त्याला ठाऊकच नव्हतं. प्रबंध द्यायची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

"लाइट जायच्या आत काम उरकेल असा प्रोसेसर मिळायला हवा," असं रेनिएर सुट्टीला घरी आला की जेवताना म्हणायचा. कुणी चंद्रावर घर हवं म्हणावं, तशा सुरात.

यामिलाने ते मनावर घेतलं. समुद्रापलीकडे टॅम्पाला राहणाऱ्या ओस्मेल मामाला तिने गुपचूप निरोप पाठवला, आणि मामाने गावी येणाऱ्या एका बाईंबरोबर, कॉफीच्या पुड्यात दडवून, नवा प्रोसेसर पाठवला. रेनिएर शनिवारी घरी येणार होता. त्याआधी बसवून ठेवायचा आणि त्याचं तोंड बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. रेनिएर कॉम्प्युटर उघडायचा तेव्हा तिने कितीतरी वेळा त्याला बॅटरी धरली होती. आई इदालिया मासळीच्या कारखान्यात कामाला गेली आणि यामिलाने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

जुना प्रोसेसर तिने त्याच सकाळी ओस्निएलला देऊन टाकला होता. इथे तसंच करतात. एखादी वस्तू घरात रिकामी पडणार असं दिसलं की ती निघायच्या आधीच तिला नवा मालक ठरलेला असतो. पलीकडच्या गल्लीत फोन दुरुस्त करणाऱ्या ओस्निएलने बदल्यात प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर लावायचा पांढरा मलम दिला आणि वर आईच्या सायकलसाठी ट्यूब दिली. सौदा झक्क झाला म्हणून यामिला उड्या मारत घरी आली होती.

आता तीच नाक ओढत बटण पुन्हापुन्हा दाबत होती.

"काय गं, रडतेस की शिंकतेस?" खिडकीतून शेजारच्या मिग्देलियाचं डोकं आत आलं. केसांत कुरळे करायचे रोलर, हातात तांदळाचं ताट. निवडता निवडता ती साऱ्या गल्लीची खबर ठेवायची.

"काही नाही, मिग्दे."

"काही नाही म्हणे! भावाची मशीन पोट फाडून ठेवलीस की. टूथपेस्ट लावलीस का आत? आमच्या जावयाने लावली होती. घरभर पुदिन्याचा वास सुटला आणि मशीन गेली ती गेलीच."

"टूथपेस्ट नाही, खरा मलम लावलाय."

"मग करपली असेल. रेनिएर तुला समुद्रात बुडवणार बघ." मिग्देलिया हसली. मग पोरीचा चेहरा तिला नीट दिसला आणि तिचं हसू मावळलं. "अगं, अशी पांढरीफटक नको पडूस. जा, एवेलिओ मास्तरांना बोलावून आण. त्यांनी माझा फ्रीज उठवलाय, ही तर साधी पेटी आहे."

एवेलिओ मास्तर यामिलाच्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना 'प्रोफे' म्हणायचं, पोलीससुद्धा. ते आले खरे, पण वाटेत त्यांनी प्रत्येक कुत्र्याची विचारपूस केली, आणि यामिलाला त्यांच्या पाठीला धक्का देऊन पळवावंसं वाटत होतं.

"प्रोफे, लवकर! लाइट जाईल!"

"गेली तर परत येईल. घाई केलीस तर मात्र दोन बिघाड होतील, एक मशीनचा आणि एक तुझा." ते खुर्चीवर टेकले, चष्मा पुसला. "सांग मला. काय काय केलंस? जसं केलंस तसंच सांग. स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत."

तिने सांगितलं. सांगताना दोनदा रडू आलं. प्रोफेंनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं आणि ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

"हं. आता एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणामुळे काय झालं हे देवालाही कळत नाही. पहिलं काय बघशील?"

"प्रोसेसर काढून त्याच्या काड्या बघेन. वाकल्या असतील तर..."  प्रोसेसरच्या खाली केसासारख्या बारीक सोनेरी काड्यांची गर्दी असते. त्यातली एक मोडली तरी सगळं संपलं.

"बघ मग."

"तुम्ही बघा ना."

"माझे डोळे गेलेत. तुझे चांगले आहेत. बघ."

तिने श्वास रोखून तो काढला, मलम पुसला आणि उन्हात तिरका धरला. एकेक ओळ नजरेखालून घातली. सगळ्या काड्या शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारख्या सरळ उभ्या होत्या. तिने रोखलेला श्वास सोडला आणि लगेच पुन्हा धरला. काड्या चांगल्या आहेत, तर मग बिघडलं काय?

प्रोफेंनी पिशवीतून बोटाच्या पेराएवढा एक छोटा स्पीकर काढला. "हा आतल्या मोठ्या बोर्डाला जोड. आता प्रोसेसर बसव, आणि रॅमच्या पट्ट्या काढून ठेव."

"रॅमशिवाय कशी चालू होईल?"

"होणारच नाही. पण डोकं, म्हणजे प्रोसेसर, जागं असेल तर ओरडेल. वर्गात फळा नाही म्हटल्यावर मास्तर काय करतो? आरडाओरडा. पण मास्तरच आला नसेल तर?"

"वर्ग शांत राहील," यामिला म्हणाली.

तिने बटण दाबलं. पंखा फिरला. दोघांनी कान लावले. मिग्देलियानेही खिडकीत तांदूळ निवडायचं थांबवलं. स्पीकरमधून चूं की चां झालं नाही.

"मास्तर आलेला नाही," प्रोफे हळूच म्हणाले.

"म्हणजे नवा प्रोसेसर मेलेला आहे?"

"असू शकेल. कॉफीतून समुद्र ओलांडून आलाय बिचारा. पण आणखी एक शक्यता आहे. हा बोर्ड जुना, प्रोसेसर त्याच्यानंतर जन्मलेला. मशीन उठताना काय करायचं याचे धडे बोर्डावरच्या एका इवल्याशा चिपमध्ये लिहिलेले असतात. त्याला बायोस म्हणतात. त्या धड्यांमध्ये या नव्याचं नावच नसेल, तर बोर्ड त्याला घरात घेणार कसा? दारात उभा करून ठेवेल. पंखा फिरत राहील आणि पडदा काळा."

"मग ते धडे नवीन लिहायचे!"

"लिहायचे. पण लिहिण्यासाठी मशीन आधी उठली पाहिजे. आणि मशीन उठायला..." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. उत्तर ते स्वतः देणार नव्हते, हे तिला शाळेपासून माहीत होतं.

"जुना प्रोसेसर पाहिजे," ती म्हणाली, आणि पलीकडच्या गल्लीकडे धावली.

ओस्निएल दाराच्या उंबऱ्यावर बसून कुणाच्या तरी फोनची काच चिकटवत होता. यामिलाचं बोलणं ऐकून त्याने आधी भुवया उडवल्या, मग ओठ पुढे काढले.

"दिलेलं परत? वा! उद्या ट्यूब पंक्चर झाली की तीही घेऊन ये, नवी देतो. सौदा झाला की झाला, मुली. मी तो माझ्या मशीनमध्ये बसवलासुद्धा."

"उसना दे फक्त. काम झालं की लगेच परत. आईशप्पथ."

"आणि वाकवून आणलास म्हणजे?"

 यामिला तिथून हलली नाही. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत, कारण पुसले असते तर हुंदका फुटला असता. ओस्निएलने काच बाजूला ठेवली.

"कुणाची मशीन आहे ही? रेनिएरची? त्याला माहीत आहे?"

तिने मान हलवली. नाही.

"अरे देवा!" ओस्निएलने डोकं खाजवलं. "चल. पण मी स्वतः घेऊन येणार. माझ्या हातातून माझ्याच हातात. बायोसची फाइलही माझ्याकडूनच उतरवून घ्यावी लागेल, तुझ्या फोनवर ती आठवडाभर उतरेल."

ते घरी पोचतात तोच लाइट गेली, आणि दुपार कलल्यावर परत आली तेव्हा तो कामाला लागला. बोटं काळी, पण काम हळुवार. जुना प्रोसेसर बसवला, रॅम लावली, बटण दाबलं. स्पीकरने एकदाच टिक केलं आणि पडदा उजळला. रेनिएरने लावलेलं बोटीचं चित्र समोर आलं. यामिला मटकन खाली बसली. वाचलं, सगळं वाचलं, असं तिला वाटलं. ओस्निएलने लगेच पेन ड्राइव्ह काढला.

"आता फाइल चढवू या. पाचेक मिनिटांचं काम."

"थांब," प्रोफे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "यामिला, इकडे ये. नीट ऐक. बायोस लिहिताना आधी जुने धडे पुसले जातात, मग नवे लिहिले जातात. ते चालू असताना लाइट गेली तर?"

तिला कळलं.  "तर जुनंही नाही आणि नवंही नाही."

"मग हा प्रोसेसर बसव नाहीतर तो, बोर्ड कुणालाच ओळखणार नाही. असा बोर्ड इथे दुसरा मिळणार नाही. लाइट गेली तरी मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा आहे घरात?"

"आहे, पण आतली बॅटरी कधीच मेली."

"माझ्या स्कूटरच्या बॅटरीवर एक बल्ब आणि एक पंखा चालतो," ओस्निएल म्हणाला. "ही पेटी त्यावर उठायची नाही. प्रोफे, लाइट आत्ताच आलीय. इतक्यात जाणार नाही."

"तुला कुणी पत्र पाठवलंय का तसं?"

ओस्निएलने पेन ड्राइव्ह खाली ठेवला. प्रोफेंनी हात गुडघ्यावर ठेवले. "आत्ता इथेच थांबलो तर मशीन सकाळसारखी आहे. पुढे गेलो तर कदाचित भावाचं गणित होईल, कदाचित मशीन जाईल. हे मी ठरवायचं नाही आणि ओस्निएलनेही नाही. तूसुद्धा नाही, बाळा. मशीन रेनिएरची आहे. त्याला फोन लाव."

एवढा वेळ ती ज्या गोष्टीला घाबरत होती ती हीच होती. काळा पडदा, मोडलेल्या काड्या, ओस्निएलचे टोमणे, सगळ्यांतून ती गेली, ते फक्त रेनिएरला कळू नये म्हणून. तिने फोन हातात घेतला, परत ठेवला.

"तुम्हीच बोला ना, प्रोफे."

"मी शेजारी बसतो," ते म्हणाले. आणि बसले.

रेनिएरचा आवाज आला तेव्हा मागे कॅन्टीनची भांडी वाजत होती. यामिला एका दमात बोलली. नवा प्रोसेसर, मामा, कॉफी, ओस्निएल, काळा पडदा. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरूच झाली नसती.  भांड्यांचा आवाज लांब गेला, म्हणजे तो उठून बाहेर गेला असावा.

"तू माझी मशीन उघडलीस," तो म्हणाला.

"हो."

"मला न विचारता. प्रबंधाच्या आठवड्यात."

"हो."

"गाढव आहेस तू, यामिला. शुद्ध गाढव." त्याचा आवाज कापत होता. तो रागावलाय की घाबरलाय, तिला ओळखता येईना.  "जुना बसवून चालतेय ना आत्ता?"

"चालतेय."

"पण जुन्यावर माझं गणित संपत नाही." हे तो तिला नाही, स्वतःला सांगत होता. "लाइट कधी आली तिकडे?"

"आत्ताच."

"मग आत्ता हात लावू नका. लाइट आली की सगळी गल्ली एकदम भाताचे विजेचे कुकर लावते, पाण्याच्या मोटारी लावते. लाइट जाते ती बहुतेक तेव्हाच, नाहीतर निदान बल्ब लाल होतात. सगळ्यांचा भात होऊ दे. मग करा."

"करू म्हणतोस?"

"करा," रेनिएर म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

मिग्देलियाने खिडकीतून सगळं ऐकलं होतं, ते लपवायची तिला गरजही वाटली नाही. तिने तांदळाचं ताट तिथेच कठड्यावर ठेवलं आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ए, ऐका गं! ज्यांचा भात लागलाय त्यांचा होऊ दे. ज्यांचा नाही त्यांनी माझ्यासारखं थांबा! इदालियाच्या पोरीची परीक्षा आहे. मी सांगेपर्यंत कुणी मोटर लावली तर त्याच मोटारीला बांधीन त्याला!"

"कसली परीक्षा?" कोणीतरी वरून ओरडलं.

"तुला कळायची नाही ती. तू चौथीत गळलास!"

गल्ली हसली. यामिलाला हसू आलं नाही. बटाटे उकडल्याचा, भाताच्या पेजेचा वास येत राहिला, मग तोही विरला. कुणाचा तरी रेडिओ बंद झाला. मिग्देलिया खिडकीशी येऊन म्हणाली, "हं, आता."

ओस्निएलने फाइल निवडली. पडद्यावर लाल अक्षरात सूचना आली की मशीन बंद करू नका. खाली एक रिकामी पट्टी. ती डावीकडून पांढरी भरू लागली.

यामिला पट्टीकडे बघत नव्हती. ती बल्बकडे बघत होती. बल्ब जळत राहा, जळत राहा, असं ती ओठ न हलवता म्हणत होती. पट्टी अर्ध्यावर आली. बाहेर कुठेतरी घर्र झालं आणि बल्बचा उजेड पिवळा झाला, लालसर झाला. पंख्याचा आवाज खाली उतरला.

"मोटर!" मिग्देलिया किंचाळली आणि चप्पल हातात घेऊन पळाली.

ओस्निएलने डोळे मिटले. प्रोफेंनी यामिलाचा हात धरला. तेव्हा तिला कळलं की त्यांचाही हात गार आहे. पट्टी थांबली होती. थांबलीच होती. बल्बमधली तार नुसती निखाऱ्यासारखी दिसत होती.

मग लांबून शिव्या ऐकू आल्या, घर्र बंद झालं, आणि बल्ब पुन्हा पांढरा झाला. पट्टी एक पाऊल पुढे सरकली. आणखी एक. शेवटी पडद्यावर आलं: पूर्ण.

 ओस्निएलने मशीन बंद केली, जुना प्रोसेसर काढून घेतला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. नवा बसवायला यामिलाला दिला. तिने त्यावर मलम लावला, पंखा घट्ट केला, झाकण तसंच उघडं ठेवलं आणि बटणाकडे हात नेला.

लाइट गेली.

साऱ्या गल्लीतून एकच "आऽऽह" निघाला. संध्याकाळचा अंधुक उजेड तेवढा खिडकीतून आत राहिला. यामिलाचं बोट बटणावरच होतं.

"लिहून झालं होतं. बोर्डाला आता काही होत नाही," प्रोफे म्हणाले.

"पण नवा जिवंत आहे की नाही, ते?"

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

फोन वाजला. रेनिएर होता.

"चाललं?"

आधी कधी तिने असं उत्तर दिलं नसतं. काहीतरी गोड बनवून सांगितलं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "बायोस झालं. नवा बसवलाय. चालू करणार तेवढ्यात लाइट गेली. चालेल की नाही, खरंच माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही. ती भिंतीला टेकून बसली, फोन कानाशी. तिकडच्या झाडांवर पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता. ओस्निएल घरी निघाला होता, पण दारातच घुटमळला. मिग्देलियाने मेणबत्ती आणली. आई कामावरून आली, उघडी मशीन, चार माणसं आणि मेणबत्ती बघून दारातच थबकली आणि म्हणाली, "कोण गेलं?" तिला सगळं सांगावं लागलं. तिने यामिलाच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"लाइट आलीऽऽ!" गल्ली एका आवाजात ओरडली.

ओस्निएल पुढे झाला. यामिलाने त्याचा हात अडवला. शेजारी कुकर लागले, मोटारी लागल्या, बल्ब मंद झाला, परत उजळला. ती थांबली. बल्ब स्थिर झाला तेव्हाच तिने बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा.  काळाच. मग स्पीकरने एकदाच, बारीक, टिक केलं.

बोटीचं चित्र आलं.

आईने छातीवर क्रूसाची खूण केली. मिग्देलिया नाचत बाहेर पळाली.  यामिलाने फोन पडद्यासमोर धरला, जणू रेनिएरला तो तिथून दिसणार होता.

"यामिला? यामिला, काय झालं? बोल ना!"

"चालू झाली," ती कशीबशी म्हणाली.

तिकडे त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. घसा खाकरून तो म्हणाला, "शनिवारपर्यंत थांबायला नको. माझं गणित आत्ताच लावू. प्रोफेंना बसवू नकोस, तूच बस खुर्चीवर. मी एकेक सांगतो, तू तसं दाब. आणि हे बघ..."

"काय?"

"हात थरथरत असतील तर आधी थांबू दे."

यामिला खुर्चीवर बसली. हात थांबायला वेळ लागला. तोवर रेनिएर तिकडे काही न बोलता थांबला.